तळमजला रिकामा आहे

सरकारला एक पैसाही जास्त देणारा माणूस मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. एका छापखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले. त्या काळात मालकांनी तीन गाड्या बदलल्या, चार मॅनेजर बदलले, पण हिशेबनीस बदलला नाही! कुठलाही फॉर्म माझ्यापुढे ठेवा. लोक फॉर्म भरतात, मी तो वाचतो. अगदी तळातली, मुंगीनं शाईत पाय बुडवून काढल्यासारखी अक्षरंसुद्धा वाचतो. सवलत नेमकी तिथेच दडून बसलेली असते, कपाटाखालच्या मांजरासारखी. तिला बाहेर कसं काढायचं, हे मला विचारा!

त्यामुळे यंदाच्या घरपट्टीचा कागद आला तेव्हा बायको मटकन खाली बसली, पण मी उभा होतो. आकडा मागच्या वर्षीच्या दुप्पट होता. नवी मोजणी, नवे दर.

"अहो, आता खालची खोली द्यावीच लागणार," ती म्हणाली.

खालची खोली म्हणजे बाबांची खोली. आमचं घर दुमजली. वर आम्ही दोघं, खाली बाबा. बाबांचं वय त्र्याऐंशी. गुडघे दोन्ही कामातून गेलेले. पलंगापासून खिडकीपर्यंत कुबडी घेऊन जातात, एवढाच त्यांचा प्रवास. पण त्या खिडकीत बसले की बाबा राजे! चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. आता रस्त्याकडेच्या त्या खिडकीत बसून सगळ्या गल्लीचे चष्मे सरळ करून देतात. कोणाची काडी ढिली, कोणाचा स्क्रू पडलेला, कोणाच्या चष्म्यावर नातू बसलेला. दुरुस्तीला पाच मिनिटं आणि गप्पांना तासभर.

शेजारचा हार्डवेअरवाला त्या खोलीवर दोन वर्षं डोळा ठेवून होता. त्याला तिथे पाइप आणि रंगाचे डबे ठेवायचे होते. भाड्याचा आकडा तो असा सांगायचा की ऐकून आमची ही दोन क्षण गप्प व्हायची, आणि आमच्या घरात हे सहसा घडत नाही. खोली दिली असती तर बाबांना वर आणावं लागलं असतं. मध्ये सतरा पायऱ्यांचा जिना.

"एकदा वर गेलो की संपलंच," बाबा म्हणायचे. "वरून दिसतं काय? समोरच्याची पाण्याची टाकी! तिच्याशी काय बोलू?"

"बाबा, तुम्ही खिडकी सोडायची नाही!" मी छातीवर हात मारून सांगितलं. कारण यंदाच्या नव्या फॉर्मच्या तळाशी मला मांजर दिसलं होतं. पंचाहत्तर वर्षांवरील आणि शरीरानं अधू असलेल्या घरमालकाला, तो त्याच घरात राहत असल्यास, घरपट्टीत निम्मी सूट! घर बाबांच्या नावावर. वय आहे, गुडघे नाहीत. आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन मी करवसुलीच्या कचेरीत हजर. खिडकीवर एक बाई होत्या. स्वभावानं अतिशय गोड. कचेरीत गोड माणूस भेटलं की समजावं, आज आपलं काही खरं नाही. तुसडा माणूस निदान अर्ज घेऊन फेकून तरी देतो. गोड माणूस तो वाचतो.

"काका, वडील राहतात कुठे?"

"तळमजल्यावर."

बाईंनी संगणकात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा संगणकात.

"तळमजला रिकामा आहे."

"रिकामा कसा असेल? आत्ता तर चहा देऊन आलोय!"

"नऊ वर्षांपासून रिकामा आहे. ‘वापरात नाही’ म्हणून सूटही घेतलीय दरवर्षी. अर्जावर ही सही कोणाची, ओळखता का?"

ओळखली. इतकी ठसठशीत सही आमच्या घराण्यात एकट्याचीच आहे.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते ताईच्या गावी. चार महिने ते तिच्याकडेच होते. तेवढ्यात मी तळमजला वापरात नसल्याचा अर्ज ठोकून दिला. चार महिन्यांनी बाबा परत आले. सवलत मात्र आपणहून गेली नाही, आणि मीही तिला हाकललं नाही. आलेल्या पाहुण्याला जा म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

"मग असं लिहू का," बाई हळुवारपणे म्हणाल्या, "की वडील रिकाम्या घरात राहत होते?"

मी घाईघाईनं डॉक्टरांचा दाखला पुढे केला. ‘जिना चढण्यास असमर्थ’ असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बाईंनी त्याखालचा पत्ता वाचला. पत्ता ताईचा! तिथल्या दवाखान्यात स्थानिक लोकांना ऑपरेशनचा खर्च माफ होता, म्हणून कागदोपत्री बाबांना तिथले रहिवासी करून टाकलं होतं. कल्पना कोणाची ते विचारू नका.

विजेचं बिल काढलं. ते बायकोच्या नावावर, कारण बायकांना दर कमी. पाण्याचं काढलं. त्यात माणसं दोनच, कारण तिसऱ्या माणसाला वरचा दर. मी एकेक कागद पुढे सरकवत होतो आणि प्रत्येक कागदागणिक बाबा आमच्या घरातून एकेक पाऊल बाहेर पडत होते. नऊ वर्षं इमानेइतबारे पैसे वाचवून मी जन्मदात्याला घरातून पुसून टाकलं होतं! शेवटी फाइलमध्ये उरला फक्त त्यांचा फोटो. तोसुद्धा ताईच्या अंगणातला निघाला.

बाईंना माझी दया आली. "काका, स्वतःहून चूक कबूल केलीत तर दंड नाही. नऊ वर्षांची सूट तेवढी परत भरा. मग आमचे तपासनीस येऊन बघतील. वडील तिथे राहतात अशी त्यांची खात्री पटली, दोन शेजाऱ्यांनी सांगितलं, की सूट मंजूर."

परत भरा! हे दोन शब्द मी एकतीस वर्षांत फक्त दुसऱ्यांना म्हटले होते. पण तिथल्या तिथे मनात हिशेब मांडला. परत भरायची रक्कम निम्म्या सवलतीतून सहा वर्षांत वसूल होत होती. सातव्या वर्षापासून निव्वळ फायदा! घरी आल्या आल्या मी बाबांना विश्वासात घेतलं.

"बाबा, तुम्हाला एकोणनव्वदपर्यंत जगावं लागेल."

"बघतो," बाबा म्हणाले. "लेखी हवंय का?"

"आणि त्यापुढे जगाल ते सगळं नफ्यात."

"अरे गाढवा," बाबा म्हणाले, "बापाला मुदत ठेव समजतोस होय?"

ठेव मोडून पैसे भरले, पावती घेतली, तपासणीचा दिवस ठरला. आता कसर ठेवायची नाही! आदल्या संध्याकाळी मी बाबांची रंगीत तालीम घेतली. कुबडी पलंगाला टेकवून, दिसेल अशी. चेहरा पडलेला. प्रश्नाला उत्तर एका वाक्यात. आणि मुख्य म्हणजे अवजारं नकोत. पकडी, चिमटे, काचा पुसायचं फडकं असं सगळं डब्यात घालून मी डबा पलंगाखाली ढकलला. त्र्याऐंशीचा अधू माणूस राईएवढा स्क्रू एका दमात बसवतोय, हे तपासनिसाला दिसायला नको.

"हात थोडे थरथरू देत," मी सुचवलं.

"माझे हात थरथरत नाहीत."

"उद्यापुरते!"

"चाळीस वर्षं मालकानं सांगितलं तसं वागलो," बाबा म्हणाले. "आता तू सांग."

साक्षीदार म्हणून समोरच्या काकू आणि कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. दोघांना बजावून ठेवलं, "रोज दिसतात, नऊ वर्षं इथेच आहेत, एवढंच बोलायचं."

"आणि चष्म्यांचं?" काकूंनी विचारलं.

"चष्म्यांचं अवाक्षर नको!"

ठरल्या वेळी तपासनीस आले. काडीसारखा माणूस, काखेत जाडजूड वही. आणि नाकावर चष्मा! म्हणजे नाकावर असायला हवा होता. त्याची एक काडी मुळापासून निखळलेली. ती पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधलेली, आणि पट्टीही कंटाळून सुटत आलेली. डावा हात सतत चष्म्यावर. त्यामुळे वही दाबायला कोपर, लिहायला उजवा हात, आणि कागद वाचायचा तर तो नाकाला टेकवून. मला तर आकाश ठेंगणं झालं. असा तपासनीस नवस बोलूनही मिळायचा नाही!

बायकोनं चहा आणला.

"कामावर असताना मी पाण्याशिवाय काही घेत नाही," ते म्हणाले. "माफ करा. नियम आहे."

पाणी दिलं. त्यांनी बाबांना दोन प्रश्न विचारले. बाबांनी एकेका वाक्यात उत्तरं दिली. काकू म्हणाल्या, "रोज दिसतात." टेलरमास्तर म्हणाले, "नऊ वर्षं इथेच." मी डोळ्यांनीच दोघांना शाबासकी दिली. तपासनीस लिहू लागले. वाकून मी उलटी अक्षरं वाचली. ‘अर्जदार तळमजल्यावर वास्तव्यास असून...’ वास्तव्यास! नऊ वर्षांनी बाबा घरी आले!

आता फक्त सही उरली होती. तपासनीस सहीसाठी वाकले आणि चष्मा वहीवर पडला.

"द्या इकडे," बाबा म्हणाले.

मी खाकरलो. बाबांनी ऐकलं नाही.

"अहो आजोबा, राहू द्या. महिनाभर असाच चालवतोय," तपासनीस म्हणाले.

"महिनाभर? आणि लोकांची घरं तपासता?" बाबांचा आवाज चढला. मगाचचा पडेल चेहरा कुठल्या कुठे! "अशानं डोळे जातील तुमचे! द्या म्हणतो ना!"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. गुडघ्यांप्रमाणे पायही कामातून गेलेले असावेत, कारण परिणाम शून्य. डबा पलंगाखाली, म्हणून मी निर्धास्त होतो. तर बाबांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला! दुसऱ्या खिशातून स्क्रू! चार मिनिटं खोलीत कोणी श्वास घेतला नाही. हात थरथरणं सोडाच, घड्याळाचा काटाही त्यांच्याइतका स्थिर नसेल. काडी बसली. बाबांनी स्वतःच्या सदऱ्यानं काचा पुसल्या आणि तपासनिसांच्या कानांवर चष्मा चढवला.

"हलवा मान."

तपासनिसांनी मान हलवली. चष्मा जागचा हलला नाही. दोन्ही हात मोकळे झालेले पाहून त्यांचे डोळे भरून आले. "किती झाले?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं?"

"नाही नाही! अर्जदाराकडून फुकट काम करून घेतलं तर ती लाच होते." आणि त्यांनी दहाची नोट पलंगावर ठेवली.

इथे सगळं थांबायला हवं होतं. पण बाबांनी उशीखाली हात घातला आणि पावतीपुस्तक बाहेर काढलं!

आता हे पावतीपुस्तक कुठून आलं, ते मलाच सांगावं लागणार. सहा वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की गल्लीतले लोक बाबांना चार नाणी देऊन जातात आणि त्याची कुठेही नोंद नाही. नाणी असतील, पण हिशेब तो हिशेब! छापखान्यात उरलेल्या कागदावर मी पुस्तकं छापून आणली. वर ‘चष्मा दुरुस्ती’. खाली तळमजल्याचा पत्ता. थोडी जागा उरली होती, ती वाया कशाला घालवा, म्हणून ‘वेळ: सकाळी नऊ ते बारा’. बाबा नको म्हणत होते. मीच सवय लावली. पावतीशिवाय त्यांनी एक नाणं घेतलं तर मी जेवताना बोलायचो.

"पावती क्रमांक सतराशे त्रेचाळीस," बाबांनी फाडून दिली.

तपासनिसांनी ती वाचली. नाकाला न टेकवता, हातभर अंतरावरून. मग ते खाली बसले.

"आजोबा, हे दुकान आहे."

"दुकान कसलं हो!" काकू मदतीला धावल्या. "दिवसाला दोन-चार माणसं येतात फक्त!"

"आणि रविवारी तर बंदच असतं!" टेलरमास्तरांनी बाजू भक्कम केली.

"साहेब," मी हात जोडले, "तुम्ही पाहिलंच नाही असं समजा ना."

"कसं समजू?" तपासनीस कळवळून म्हणाले. खरोखरच कळवळून, कारण माणूस वाईट नव्हता. "गिऱ्हाईक मीच आहे! निम्मी सूट फक्त पूर्ण राहत्या घराला. धंदा असेल तर सूट नाही, आणि त्या खोलीला तिप्पट दर. पहिल्या पावतीच्या तारखेपासून. पहिली पावती कधीची?"

ते विचारायची गरज नव्हती. सगळी स्थळप्रतींची पुस्तकं मी स्वतःच क्रमवार बांधून फळीवर ठेवली होती. वर्षांची लेबलं लावून.

तपासनीस लिहीत होते. बायकोनं भिंतीला हात टेकला होता. बाबा मात्र पुढे वाकून वहीत बघत होते.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "सरकारच्या वहीत माझं दुकान म्हणून लिहिलंत?"

"हो आजोबा."

"माझ्या नावानं?"

"तुमच्याच नावानं."

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस त्र्याऐंशीव्या वर्षी दुकानदार झाला! त्या आनंदात त्यांनी जाताना तपासनिसांना एक जादा स्क्रूही दिला. त्याची वेगळी पावती फाडायला निघाले, तेव्हा मी पुस्तक ओढून घेतलं.

पंधरा दिवसांनी मागणीचा कागद आला. ह्या वेळी मीसुद्धा मटकन बसलो. वरच्या साहेबांकडे जाऊन विनवण्या केल्या, अर्ज केले, अर्जांची स्मरणपत्रं केली. माझेच अर्ज इतके नीटनेटके, इतके पुराव्यांनिशी होते की कुणाला माझ्या अडाणीपणावर विश्वासच ठेवता आला नाही.

हार्डवेअरवाला हसतमुखानं आला.

"साहेब, उपकार केलेत! राहत्या खोलीत गोदाम करायचं तर धंद्याची नोंद करून घ्यायला मला सहा महिने खेटे घालावे लागले असते. तुम्ही आयती करून ठेवलीत!"

खोली त्याला दिली. त्याच्या अनामत रकमेत थकबाकी फिटली. जेमतेम. मी मनात पुन्हा पुन्हा आकडे फिरवून पाहिले. ते कुठूनही मोजले तरी खोलीएवढेच भरत होते.

बाबांना वर आणलं. अवजारांचा डबा त्यांनी टेलरमास्तरांना देऊन टाकला. "दुकान वाढवलं," एवढंच म्हणाले. वरच्या खिडकीत खुर्ची ठेवली, तर पहिले चार दिवस त्यांनी खिडकीकडे पाठच केली. पाचव्या दिवशी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाले, "गळतेय बघ ती. डाव्या बाजूनं." त्यानंतर त्यांना नवा विषय मिळाला नाही. बायकोनं गप्पा मारायचा प्रयत्न केला. "सूनबाई," बाबा म्हणाले, "तू कामं टाकून बसतेस ते कळतं मला. जा." संध्याकाळी मी त्यांना पाठुंगळी घेऊन खाली नेतो. रंगाच्या डब्यांशेजारी स्टुलावर अर्धा तास बसवतो आणि परत वर आणतो. माझंही वय साठ आहे. बाराव्या पायरीला दम खायला थांबावंच लागतं.

अशाच एका संध्याकाळी, बाराव्या पायरीवर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! दुकान तर बंद झालं! आता बाबा राहतात वर, आणि वरचा मजला पूर्ण राहता! त्या मजल्यापुरती तरी सूट मिळायलाच हवी! मी नियमावली तळापासून वर आणि वरून तळापर्यंत वाचली. धंद्याचा मजला वेगळा नोंदलेला असेल, तर उरलेल्या मजल्यापुरती सूट मिळते. वाचलेल्या पैशांतून हार्डवेअरवाल्याकडून खिडकीपुरती चार हात जागा परत घेता येईल. दाखल्यावरचा पत्ता बदलून घेतला. वीज, पाणी, सगळीकडे बाबांचं नाव लावलं. जादा दर भरले, हूं की चूं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी फाइल शंभर टक्के खरी होती.

खिडकीवर त्याच बाई.

"वा काका!" त्यांनी एकेक कागद पाहिला. "सगळं अगदी व्यवस्थित. वडील आता वर राहतात?"

"वरच! वाटेल तेव्हा येऊन बघा!"

"जिना आहे?"

"सतरा पायऱ्या."

"लिफ्ट?"

"छे हो!"

बाईंचं बोट दाखल्यावर थांबलं. ‘जिना चढण्यास असमर्थ.’ ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"काका," त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "जिना चढता येत नाही, तर वर राहतात कसे?"

"मी नेतो ना! पाठीवर!"

त्यांनी संगणकात वर पाहिलं, खाली पाहिलं. मनापासून शोधलं, हे मी शपथेवर सांगेन.

"तसा रकाना नाही हो."

घरी आलो. बाबा टाकीकडे तोंड करून बसले होते.

"काय म्हणाले रे कचेरीत?"

"म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात."

बाबांचा चेहरा फुलला. बऱ्याच दिवसांनी.

"बघ! तुलाच पटत नव्हतं," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "चल, मग आज खाली तासभर बसू."

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो.